फुकटच्या जागेत लावलेली गाडी

गाडीची किल्ली मी माझ्याबरोबर मस्कतला नेली होती, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिने विमानात विचारलं होतं, "किल्ली तुमच्या मित्राकडे दिलीत ना?" मी म्हणालो, "दिली." किल्ली तेव्हा पँटच्या खिशात मांडीला टोचत होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. धाकट्या भावाने मस्कतहून आम्हा दोघांची तिकिटं पाठवली होती. पंधरा दिवसांचा प्रवास. आमच्या चौक गावाहून विमानतळापर्यंत टॅक्सी करता आली असती, नाहीतर एसटी होतीच. पण नाही. जुनी का असेना, दारात अँबॅसडर होती आणि गावाने बघायला हवं होतं की हा स्वतःच्या गाडीने विमानाला चालला. माज होता, दुसरं काय! आणि माज एवढा, तर विमानतळावर गाडी ठेवायचे पैसे तरी मोजावेत? तिथला रोजचा दर ऐकूनच मी काढता पाय घेतला. मग आठ दिवस स्वस्त जागा शोधत फिरलो. अंधेरीच्या एका लॉजवाल्याला विचारलं, पेट्रोल पंपावर विचारलं, ओळखीच्या ओळखीने एका गोदामाच्या रखवालदाराला गाठलं. सगळ्यांना पैसे हवे होते. मला फुकट हवं होतं.

तेव्हा तो आठवला. आमच्याच गावचा, पलीकडच्या वस्तीतला. छप्पन्ननंतर त्यांच्या घरातले देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आमच्या घरी मात्र तो ओटीच्या पायरीवर बसायचा आणि मी त्याला कधी 'वर ये' म्हटलं नाही. आता तो मरोळला बैठ्या चाळीत राहत होता, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. इतक्या वर्षांत त्याच्या घरी न गेलेला मी, गाडीसाठी पत्ता शोधत गेलो.

"लाव की रं, विचारतोस काय," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी बायकोला सामानासकट विमानतळावर उतरवलं आणि गाडी त्याच्या दारात आणली. खोलीपुढे फरशीचं इवलंसं अंगण. गाडीने ते सगळं भरलं. दाराशी एक माणूस अंग चोरून जेमतेम जाईल एवढी फट उरली. त्याचे वडील उंबऱ्यावर बसले होते. आमच्या खळ्यावर जन्मभर राबलेला म्हातारा, छातीच्या दुखण्यासाठी मुंबईला आणलेला.

"जा तुमी बिनघोर," म्हातारा म्हणाला. "मला काय काम हाय? बसतो गाडीकडं बघत. पोरं काय हात लावायची नाय."

मित्र म्हणाला, "किल्ली ठेवून जा. दारातनं काय न्यायचं-आणायचं झालं, तर ढकलता येईल."

"नको, लॉक बिघडलंय. तुला जमायचं नाही," मी म्हणालो. लॉक ठणठणीत होतं. हा गाडी फिरवेल, चाळीतली पोरं बसतील, असलं काहीबाही डोक्यात आलं होतं. जागा त्याची चालत होती, राखण त्याच्या बापाची चालत होती. भरवसा तेवढा नव्हता. त्याच्या बायकोने चहा टाकला होता. मी गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, दारं लॉक केली आणि "घाई आहे" म्हणून निघालो.

पंधरा दिवसांनी सकाळी उतरलो. बायकोला बाकावर बसवून गाडी आणायला गेलो. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. गाडी मात्र पुसून लख्ख, आणि बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा.

"हे काय?" मी म्हणालो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

तो दारातून बाजूला सरला. "लागलं असंल," म्हणाला. "आत तर ये."

"दारात उभी असलेली गाडी सांभाळता येत नाही?" असं म्हणून मी गाडीत बसलो. आत गेलो नाही. गेलो असतो तर भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला असता.

विमानतळावर बायकोने विचारलं, "त्यांचे वडील कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

महिन्याभराने तो ओरखडा रंगवायला गाडी चौकच्या गॅरेजात नेली. शेजारीच मित्राचा थोरला भाऊ रसायनीच्या बसची वाट पाहत उभा होता. तो कारखान्यात कामाला होता. गाडी बघून जवळ आला आणि बॉनेटवर बोट ठेवून म्हणाला, "बांबूचा हाय तो."

"कसला बांबू?"

"तिरडीचा. बाबा गेलं ना, तुमी तिकडं असताना. तुमाला बोलला नाय तो? अंगणात ठेवायला जागाच नव्हती. तिरडी नळावर, रस्त्यात बांधली. बाबाला दारातनं बाहेर काढायचं कसं? मग मोकळी तिरडी तिरकी करून आत नेली, बाबाला वर घेतलं, ती या बॉनेटवर टेकवली नि वरनं हातोहात काढली. पोरं काच फोडून गाडी ढकलणार होती. आमच्या धाकट्यानं त्यांचं हात धरलं. म्हणाला, इस्वासानं ठेवलीया माणसानं."

बस आली, तो गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. रंगाऱ्याने विचारलं, "काय करू, शेठ?" आणि मी म्हणालो, "रंगव." याचा मला आजही इतका संताप येतो की ते गॅरेज दिसलं की मी मान फिरवतो.

मित्र त्यानंतर दोनतीनदा चौकच्या स्टँडवर भेटला. हसून बोलला. मीही भातपिकाविषयी बोललो. ती गाडी मी केव्हाच विकली.

त्याच्या घरात जाऊन बसायचं आणि त्याला सांगायचं, की लॉक बिघडलेलं नव्हतं, मला तुझा भरवसा नव्हता. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.