लाईन आली का

गयाचं तोंड अर्धं उघडं होतं आणि ते तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर एक गोल फिरत होता. मी म्हटलं, "गया, ए गया." ती हलली नाही. नेट थांबलं की माझी बहीण थांबली, हे मला फोनकडे बघून समजेना.

भिंतीवरच्या नेटच्या डब्यात हिरवा दिवा जाऊन लाल आला होता. माझ्या मुलाने, संजूने, शिकवलं होतं तसं बटण बंद केलं, थोडी थांबले, चालू केलं. लालच. वायर उपसून पुन्हा खुपसली. लालच. आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यात फोनला थोडी रेंज येते. तिच्यावर चित्र येत नाही, नुसता आवाज येतो. माझा जुना साधा फोन तिथेच ठेवलेला असतो. वॉकर सरकवत गेले आणि गयाच्या मुलाला, प्रल्हादला, फोन लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. परत आले तरी गया पलंगावरच्या फोनमध्ये तशीच होती. मग ते चित्रही गेलं.

बुलडाण्याच्या या फ्लॅटमध्ये मी माझ्या पायांनी आले नाही. साखरखेर्ड्याला अंगणात पडले, खुबा मोडला. जीपमध्ये मला आडवी टाकली तेव्हा गया माझी चप्पल हातात घेऊन उभी होती. चप्पल माझ्या उशाशी ठेवून म्हणाली, "लवकर ये वं बाई. लाईन गेल्यावर म्या कोणाले इचारू?"

आम्ही सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या. मी मोठी म्हणून ती मला बाई म्हणायची. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात. ती गेली की गया पलीकडून भिंतीवर थाप मारायची, "बाई, तुही बी गेली का वं?" मी इकडून सांगायची, "गेली." आली की पुन्हा थाप. रोजचं होतं. मी कधीकधी चिडायची, कारण अंधार मलाही दिसत होता.

दवाखान्यातून मला सरळ या तिसऱ्या मजल्यावर आणलं. इमारत नवी आहे. लिफ्टची जागा ठेवलेली आहे, लिफ्ट नाही. संजू म्हणाला, "आई, पाय बरा झाला की नेऊन देतो तुले गावाले." पाय बरा झाला नाही. त्यात गयाला लकवा मारला. तिचं बोलणं गेलं. नुसत्या फोनवर तिचा श्वास ऐकू यायचा, म्हणून चित्र लागायचं. मी काही म्हटलं की ती डाव्या हाताने पलंगाच्या लाकडावर थाप मारायची. आमचं बोलणं तेवढंच होतं, पण ते होतं. त्यासाठी संजूने वायरचं नेट घेतलं.

ते नेट पहिल्या आठवड्यापासून बिघडलं. दुपारी जायचं, संध्याकाळी यायचं, मधेच एखाद्या शब्दावर अडकायचं. संजू ऑफिसातून तक्रार टाकायचा आणि घरी येऊन चिडायचा, "दुरुस्तीवालाच येत नाही बे! तक्रार आपोआप बंद होऊन जाते. अशी कशी होऊन राह्यली?" माझी सून मनीषा शाळेत शिकवते. तिनेही डब्याची जागा बदलून पाहिली, खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला. "आई, तुम्ही याला हात लावू नका," असंही तिने सांगून पाहिलं.

दिवसभर घरी मीच, म्हणून कंपनीला नंबर माझा दिलेला. मधूनमधून एका बाईचा फोन यायचा. कंपनीतून बोलते म्हणायची. आवाज गोड, बोली तिकडची, पुण्याकडची. विचारायची, "तुमची लाईन सुरू झाली का?" मी गॅलरीतून आत बघायची. पंखा फिरत असायचा. म्हणायची, "झाली ना." ती धन्यवाद म्हणून फोन ठेवायची. मला वाटायचं, शहरातली वीज कंपनी मोठी भली आहे, लाईन आली का म्हणून घरी विचारते. एकदा नेट नीट चाललं तेव्हा हे मी गयाला सांगितलं. म्हटलं, "तुह्यासारखी एक इथं बी भेटली मले. फोन करून इचारते, लाईन आली का." गयाचं अर्धं तोंड हसलं. तिने लाकडावर थाप मारली. लकव्यानंतर तिला हसताना मी पाहिलं ते तेव्हाच.

गया फोनमध्ये अडकली त्या दिवशी दुपारी किल्ली फिरली. मनीषाची शाळा सुटायची वेळ नव्हती. ती चप्पल न काढता आत आली, तेव्हाच मला कळलं. ती म्हणाली, "आई, प्रल्हाद भाऊजींचा फोन आला होता." मी विचारलं, "केव्हा गेली?" ती म्हणाली, "तुम्ही बोलत होता तेव्हाच." प्रल्हादने माझा फोन उचलला नाही, कारण त्याच्या हातात आई होती.

शेजारच्या चौघांनी मला खुर्चीवर बसवून जिने उतरवले. कोणी कुरकुर केली नाही. गया जिवंत असताना मी संजूला किती वेळा म्हटलं होतं, मला खुर्चीवर बसवून खाली ने. तो म्हणायचा, "लोकायले काऊन तरास द्यायचा?" ऊन कडक होतं, गावाने जास्त वेळ ठेवली नाही. मी पोचले तेव्हा माती झाली होती. बायांनी मला माझ्याच घरात बसवलं. मी भिंतीला टेकून बसले. पलीकडे माणसं बोलत होती, सगळं ऐकू येत होतं.

आम्ही बुलडाण्याला परत आल्यावर दुरुस्तीवाला आला. आपल्याच भागातला, पिकल्या केसांचा माणूस. गच्चीवर वानरांनी वायर ओढून ओढून सैल केली होती, ती त्याने बदलली. संजू त्याच्यावर ओरडला, "इतके रोज कुठं होते तुम्ही?"

तो म्हणाला, "साहेब, आमच्याकडं तं दर वेळी लाईन सुरू झाली असं लिहून आलं. आजींनीच सांगितलं फोनवर."

मी म्हटलं, "म्या लाईनचं सांगितलं. पंखा चालू होता."

तो एकदम हसला, "अवं आजी, ते नेटची लाईन इचारत होते!" मग त्याने आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तो वायर गुंडाळू लागला.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या उचलून आणलेल्या बायांनो, नेट आता चांगलं चालतं. दिवा हिरवाच असतो. प्रल्हाद कधी फोन करतो, घर दाखवतो. मी म्हणते, राहू दे. घर म्हणजे मला ती भिंत होती, आणि तिच्या पलीकडे आता कोणी मला विचारत नाही. इथेही लाईन जाते. पंखा थांबतो. शेजारच्या फ्लॅटचीही जात असेल.

आम्ही दोघी होतो. गया गेली. मी राहिले.