नणंदबाईंचा थंड कारभार

आमच्या नणंदबाईंनी या जगात न गोठवलेली एकच वस्तू उरली आहे, ती म्हणजे त्यांची स्वतःची जीभ. जबलपूरच्या सदर भागातल्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात आणि गुलाब, रबरी चेंडू, मुलांचे डब्यातले पराठे, जे हाती लागेल ते द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून दगड करून दाखवतात. गोठलेल्या केळ्याने फळीत खिळा ठोकतात. नायट्रोजन मिळतो जनावरांच्या दवाखान्यात, वळूंचं वीर्य ज्यात साठवतात तसल्या टाकीत. "दीदी, इसमें क्या है?" असं ती टाकी शाळेत नेताना एका ऑटोवाल्याने विचारलं, तर म्हणाल्या, "भैया, कल तक सांडों का पूरा खानदान था." बिचारा शाळेपर्यंत मागे वळून बघत होता. माझा तिळाचा लाडूही त्यांनी वर्गात नेला होता. परत आणला आणि पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, याला काहून गोठवू मी? हा आधीच तसा आहे!"

त्यांची ही विद्या चालत नसे ती फक्त माझ्या सासऱ्यांपुढे. बाबांचा जन्म फॅक्टरीत भट्टीपाशी गेला, त्यांना थंडीचं काय कौतुक? "आम्ही तोफेचे गोळे ओतले, अन् ही केळी गोठवून राहिली," असं म्हणत त्यांनी दरवर्षी शाळेचं आमंत्रण टाळलं. नणंदबाई हसण्यावारी नेत. पण सगळ्या जबलपूरने टाळ्या वाजवल्या तरी त्यांना बाबांचीच एक हवी होती, हे मला ठाऊक होतं.

यंदा मीच बाबांना जवळजवळ ओढत नेलं. नणंदबाईंनी चिमट्यात झेंडू धरून बुडवला, वाफांतून वर काढला, आणि सगळा वर्ग ओरडला, "जम गया! जम गया!"

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यातलं 'जम' तेवढं त्यांच्या कानात शिरलं.

"काय म्हणून राहिले पोट्टे? जमलं म्हणतात?"

मी त्यांच्या कानाशी वाकले. मग म्हणाले, "हो बाबा, जमलं म्हणतात."

"जमणारच!" बाबा काठी सोडून उभे राहिले आणि शेजारच्या पालकांना म्हणाले, "बेटी है मेरी." मग दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले. त्या दोघांचा मला इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

आता झेंडू टेबलावर आपटून त्याचा चुरा करायचा होता. नणंदबाई तो तसाच धरून बाबांकडे बघत राहिल्या, आणि चिमट्यातलं फूल हळूहळू मऊ पडत गेलं.