देवाला विचारलं नाही, सांगितलं

माझ्या सासूबाई मालवणच्या बाजारात मासे विकतात. घरात सगळे त्यांना आये म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मुलीच्या शाळेत आम्हा आयांना सांगतात, घरी मुलाशी काय काय बोललात ते रोज चार ओळी लिहून आणा. त्या सवयीनं हात चालायला लागला. नाहीतर चौथीनंतर मी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. हे मात्र शाळेत दाखवायचं नाही. माझ्यापुरतं आहे.

मुलगी लहान होती तेव्हा मी घरचं आटपेपर्यंत आये तिला बाजारात घेऊन जायच्या. त्यांच्या पाटीमागे एका उलट्या टोपलीवर तिची जागा होती. एकदा बर्फाचा टेम्पो मागे येता येता अगदी तिच्या पाठीशी आला आणि त्यानं भोंगा वाजवला. बायका दचकल्या, एकीच्या हातातली सुरमई खाली पडली. मुलगी कोळंबीच्या मिशा ओढत बसली होती, ती तशीच बसून राहिली. तिनं मानही वळवली नाही.

आये त्या दिवशी अर्धी भरलेली पाटी घेऊन घरी आल्या. माल संपल्याशिवाय त्या कधी उठलेल्या मला माहीत नव्हत्या. मुलीला पडवीत बसवून तिच्यामागे त्यांनी ताट आपटलं, मग पितळेची परात आपटली. मग परात जागेवर ठेवली आणि मला म्हणाल्या, "चेडवाक आयकाक येना नाय. रडत बसू नको. दवाखान्यात जावया."

दवाखान्यातून कानाचं यंत्र मिळालं. मुलगी ते काढून पाटीत टाकायची, आये धुऊन पुसून परत लावायच्या. पण बोलणं काही येईना. त्याच काळात आजी आणि नात हातांनी बोलायला लागल्या. कोणी शिकवलं नव्हतं. तळवा आडवा सरकवला की पापलेट. मनगट झटकलं की बांगडा. एक बोट वाकडं केलं की कोळंबी, पाच बोटं जमिनीवर चालवली की कुर्ली, दोन्ही हात पसरले की सुरमई. पुढे पुढे त्यात घरातली माणसंही आली. माझी खूण होती ओठांवर एक बोट. मुलीनंच काढलेली. आये हसल्या होत्या, पण खूण बदलायला त्यांनी तिला सांगितलं नाही, कारण ती बरोबरच होती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात माझा आवाज भांड्यांपेक्षा कमी होता.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा कोणीतरी पुण्याच्या एका शाळेचं सांगितलं. मी आणि नवरा तिला घेऊन दाखवायला गेलो. तिथल्या बाईंनी तिला तपासलं, खेळवलं, मग आम्हाला समजावलं. यंत्र फक्त आवाज मोठा करतं. त्या आवाजाचे शब्द व्हायचे तर कोणीतरी दिवसभर तिच्याशी बोलत राहायला हवं, उठल्यापासून झोपेपर्यंत, भात लावताना, केस विंचरताना. शाळेत आईनं रोज तिच्या शेजारी बसायचं, तेच घरी करायचं. काही वर्षं पुण्यातच राहावं लागेल. आणि जितका उशीर कराल तितकं कठीण होईल. माझ्या नवऱ्यानं विचारलं, आई कमी बोलणारी असेल तर कसं? बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग तिलाही आपण शिकवू.

परतीच्या एसटीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बंदरावरचा कुठलाही तांडेल इंजिन खोकायला लागलं की त्यालाच हाक मारायचा. पुण्यात त्याला कोण ओळखणार होतं?

गावात बातमी आमच्या आधी पोचली. जो तो सावध करायला यायचा. तिथे मासा बर्फात आठवडाभर मेलेला असतो. तिथे पाणी मोजून येतं. दुपारी दार वाजवलं तर माणसं उघडत नाहीत, वर विचारतात, एवढ्या उन्हाचं काय काम काढलंत. सगळ्यात जास्त बोलायचे आमचे भावोजी, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांचं घर आमच्या मेरेला, म्हणजे कुंपणाला, लागूनच. त्यांनी पुण्याच्या एका हॉटेलात काही वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या आणि सगळं सोडून परत आले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते वाईट माणूस नाहीत. रोज संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन बसायचे आणि पुण्याची नवी वाईट गोष्ट आठवून सांगायचे. आये वाल सोलत ऐकून घ्यायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, इतकी वर्षं राहिलास तर थोडी गोष्ट बरी पण असेल तिथली, ती कधी सांगणार?

एका संध्याकाळी मात्र भावोजी खरं ते बोलले. मी आत चुलीशी होते, त्यांना दिसत होते.

"हिच्या तोंडातलो शब्द ह्या घरात कोणी आयकलो नाय," ते म्हणाले. "ती थंय जावन चेडवाक बोलाक काय शिकयतली?"

मला राग आला नाही. मी स्वतःला रोज तेच विचारत होते. मुलगी माझ्या मांडीवर होती आणि निखाऱ्यांकडे बघून बोटांनी खूण करत होती, बांगडा भाज.

नवऱ्याला पुढे जाववेना की मागे येववेना. शेवटी तो म्हणाला, देवाला कौल लावू. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, हीच रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, त्याला आम्ही कळे म्हणतो, आणि गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा डावी पडली की विषय संपला. त्यानंतर मनासारखं करणारा माणूस आमच्या वाडीत तरी मी पाहिलेला नाही. भावोजी लगेच म्हणाले, ह्या बरा, आता देव काय ता सांगात.

सोमवार ठरला. तोवर मी येता जाता ओल्या पाकळ्याच बघत होते. डावी पडली तर माझ्या मुलीचं बोलणं तिथेच थांबणार होतं, आणि उजवी पडली तर ते माझ्यावर येणार होतं. कशाची भीती जास्त होती ते आज सांगता येणार नाही. आयेंनी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. रोज बाजार करत होत्या. फक्त नातीला मांडीवर घेऊन जास्त वेळ बसायच्या आणि दोघींचे हात चालायचे.

देवळात वाडीतली बरीच माणसं आली होती. गुरवानं ताटात पाकळ्या भिजवून ठेवल्या होत्या. त्यानं नवऱ्याला विचारलं, कसा विचारू, जायचं म्हणून विचारू की राहायचं म्हणून? नवऱ्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आये पुढे झाल्या. आमच्या देवळात बायका कौलाच्या वेळी मागे खांबाशी उभ्या राहतात. त्या सरळ पुरुषांमधून गेल्या. बाजारात जशा पाटी घेऊन जातात तशा.

"इचारूचा काय नाय," त्या म्हणाल्या. "सांगूचा आसा. कळे ऱ्हवांदेत ताटात. नुसता गाऱ्हाणा घाल."

गुरव गडबडला. कौल लावायचं ठरलं आहे, सगळे त्यासाठीच आलेत, असं काहीतरी पुटपुटला. भावोजी म्हणाले, "आये, देवाक इचारल्याशिवाय?"

"वादळ इला काय होडी बंदरात आणूक आमी कौल लावतंव?" आयेंनी विचारलं. "जा करूकच व्हया ता देवाक इचारूचा नसता. ता सांगूचा, आणि पाठीशी ऱ्हव म्हणूचा."

बाजारात गिऱ्हाईक ज्या आवाजाला गप्प बसतं तोच तो आवाज होता. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या मानकऱ्यानं मान हलवली आणि म्हणाला, बरोबर आसा तिचा. गुरवानं ताट बाजूला सारलं आणि हात जोडले. पण या गाऱ्हाण्याचे शब्द त्याच्याकडे तयार नव्हते. मग आये एक एक वाक्य हळू सांगत गेल्या आणि तो ते मोठ्यानं देवाला ऐकवत गेला.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरा आज गाव सोडून पुण्याक चल्लीत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला प्रत्येक वाक्यामागे असंच म्हणतात. लहानपणापासून इतकी सवय असते की तोंड आपोआप उघडतं.

"ह्या चेडवाच्या कानाक वाट मेळांदे."

"व्हय म्हाराजा."

"त्येंका कोणी आडो इलो, तर त्येका तूच बाजूक कर."

"व्हय म्हाराजा." यात सगळ्यात मोठा आवाज भावोजींचा होता. देवळात त्यांचा आवाज नेहमीच मोठा असतो. म्हणून झाल्यावर ते थोडे थांबले आणि आयेंच्या पाठीकडे बघत राहिले.

मग आयेंनी गुरवाला सांगितलं नाही. शेवटचं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि हळू म्हणाल्या.

"हिच्या आवशीक बोलाक बळ दी रे, म्हाराजा."

का कोण जाणे, कोणीच काही म्हणालं नाही. कदाचित गुरवाचा आवाज नव्हता म्हणून असेल. कदाचित आवस, म्हणजे आई, मीच होते आणि सगळे माझ्याकडे वळले म्हणून असेल. मी खांबाशी उभी होते, मुलगी कडेवर होती. आये वळल्या नाहीत, देवाकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या, वाट बघत. पुरुषांनी भरलेल्या देवळात मी कधी शिंकलेसुद्धा नव्हते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

आवाज घोगरा निघाला, पण निघाला. मुलीचा हात माझ्या गळ्यावर होता. तिला तिथे काहीतरी थरथरलेलं कळलं असावं. तिनं हात काढला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत गळ्यावर ठेवला.

घरी येताना भावोजी म्हणाले, "आये, तू माका फशयलंस."

"मी खंय?" आये म्हणाल्या. "देवासमोर व्हय कोण म्हणाला?"

आम्ही निघालो त्या दिवशी तांदळाचं पोतं आणि नारळ स्टँडपर्यंत भावोजींनीच वाहून आणले. गाडी सुटेपर्यंत पुण्याबद्दल सावध करत होते. मात्र शेवटी, कुठल्या मंडईत भाजी चांगली मिळते तेही त्यांनी सांगून टाकलं. आये मुलीशी हातांनी काय बोलल्या ते मी पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही.

पुणं लोकांनी सांगितलं तसं आहेही आणि नाहीही. मासा खरंच बर्फातला असतो. पण शेजारीण दुपारी दार उघडते. नवऱ्याला गॅरेजमध्ये काम मिळालं, इंजिन ते इंजिनच. आणि मी बोलते. पहिले काही महिने बोलून माझे जबडे दुखायचे. पाणी तापलं, बघ वाफ, आता मीठ घालू, मीठ पांढरं. आमच्या मजल्यावरच्या बायकांना वाटतं मी जन्माची बडबडी आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

मागच्या दिवाळीनंतर आये पहिल्यांदा इकडे आल्या. सुके बोंबील नि सुके बांगडे घेऊन आल्या, त्यामुळे गाडीत त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली म्हणे. त्यांना मुलीचा वर्ग बघायचा होता. शाळेतल्या बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं आणि नम्रपणे सांगितलं, आजी, वर्ग चालू असताना तिला खुणा करू नका. खूण मिळाली की ती ऐकायचे कष्ट घेत नाही.

मला वाटलं आये काहीतरी फटकारतील. ज्या हातांनी त्यांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा जग दाखवलं, ते हात थांबवायला ही बाई सांगत होती. आयेंनी मान डोलावली. मुलगी मध्येच मागे वळली आणि आजीकडे बघून तिनं मनगट झटकलं. बांगडा आणलास का?

आयेंचे हात उठले. मला ते दिसले. मग त्यांनी दोन्ही हात खाली नेले, मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर घट्ट बसल्या. बाजारात ओरडून ओरडून रुंद झालेला तो आवाज त्यांनी जितका मऊ करता येईल तितका केला.

"बाय," त्या म्हणाल्या, "तोंडान बोल. माका आयकाचा आसा."

मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं ओठ जुळवले आणि म्हटलं, "बांगो." आमच्याकडे बांगडो म्हणतात, त्यातला मधला ड अजून तिला सापडायचा होता.

"हाडलंय," आये म्हणाल्या. आणलाय. हात तसेच दाबलेले होते. डोळे पुसायलाही त्यांनी ते काढले नाहीत.

वर्ग सुटल्यावर शाळेच्या पायरीवर बसून मात्र दोघी कितीतरी वेळ हातांनी बोलत होत्या. मी शेजारी बसून ते मोठ्यानं बोलून दाखवत होते.