हिरवट धूर
धारूरच्या आमच्या पंक्चरच्या दुकानाचं शटर आज महिन्याने उघडलं, सोल्युशनचा वास आला आणि मला तो समुद्र आठवला. परदेशातल्या एका बेटावर मी प्रवाळ जगवायचं काम शिकायला गेले होते. लहानपणीच्या अपघातापासून माझ्या उजव्या पायाला चिमटा काढला तरी कळत नाही. पण पाण्याखाली हातांवर पोहता येतं, पाय नुसता मागून येतो. त्या दिवशी मी प्रवाळाचे तुकडे खडकावर बसवत होते आणि माझ्या बाजूने हिरवट धूर वर चालला होता. शेवाळ असेल म्हणून मी काम करत राहिले. सोबतच्या मुलीने खांदा धरून माझ्या पायाकडे बोट दाखवलं, तेव्हा कळलं की ते माझंच रक्त आहे. तेवढ्या खोलात लाल रंग दिसत नाही, रक्त हिरवट दिसतं. खडकाने कापलेल्या पोटरीला किनाऱ्यावर टाके पडले. संध्याकाळी पाण्यात घालायच्या फाटलेल्या रबरी सूटला ठिगळ लावायला घेतलं, तर तिथल्या डिंकालाही हाच वास. मी वडिलांना फोन लावला. "लई लागलं का गं?" "न्हाई दादा, कळलंच न्हाई." गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते म्हणाले, "सगळीकडून हात फिरवून बघत जा. एक भोक सापडलं म्हंजे तेवढंच हाय, असं न्हाई." आता दादांना जाऊन महिना झाला. दुकानात माझ्यामागे उभी राहून आई म्हणाली, "तू अजून रडली कशी न्हाईस गं?" मी सवयीने पोटरीवरून हात फिरवून पाहिला. हात कोरडाच होता.