कुटुंबप्रमुखाचं नाव कमी केल्यावर

शिधापत्रिकांची यादी जुन्या डेटाबेसमधून नव्यात न्यायला तो प्रोग्रामर अकोल्याहून आमच्या तहसिलीत यायचा. खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा आणि एकेका रकान्याची उलटतपासणी करायचा. कार्डाचा क्रमांक अंकांत ठेवा म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, तुमी त्याची बेरीज करता का? नाई ना? मंग अक्षरं ठेवा. नाईतं सुरुवातीचे शून्य उडतात."

पुढचा प्रश्न ठरलेला. "मानूस मेल्यावर या खान्याचं काय?"

"तुम्ही कॉम्प्युटरवाले की मसणवटीतले?" मी एकदा विचारलं. तो हसला नाही. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत नवऱ्याचं नाव कमी करायला रोज कोणीतरी बाई अर्ज घेऊन यायची.

जुन्या यादीत बेवारस नोंदी फार उरायच्या. म्हणून मीच अट घालायला लावली होती, की प्रमुखाची नोंद काढली की तिला जोडलेलं सगळं आपोआप जावं. त्याने ती घातली आणि मला बोलावलं. चाचणीच्या यादीत त्याचंच कार्ड होतं. तो, बायको, दोन मुली, आई. त्याने स्वतःचं नाव काढलं.

पडद्यावर कोणीच उरलं नाही.

त्या आठवड्याचे अर्ज माझ्या टेबलावर सहीला होते.

"अट उलटी टाकतो," तो म्हणाला. "घरात अजून एकजन असला तरी प्रमुख निंघनार नाई. आधी बाईले प्रमुख करा, मंग त्याले काढा."

मग त्याने आपलं कार्ड पुन्हा भरलं. पहिल्या ओळीत बायकोचं नाव लिहिलं, आणि स्वतःचं सगळ्यांच्या खाली.