परक्या हातातलं इष्टलिंग

माझं आणि महादेवाचं भांडण सुरू झालं ते नाकावरून. मानवतला आमची पिठाची गिरणी आहे. यजमानांना लकवा मारून गेल्यापासून त्यांचे हात थरथरतात, म्हणून गिरणी मीच चालवते. गिरणीवाल्याचं नाक कधी मोकळं नसतंच. उजवी नाकपुडी चोंदली, अधूनमधून रक्त यायला लागलं, तरी मी सगळं पिठाच्या धुळीवर ढकलून मोकळी झाले. गाल बधिर झाला, डोळा पुढं यायला लागला, तेव्हा कुठं परभणीला दाखवलं. तुकडा तपासल्यावर कळलं, नाकाशेजारच्या सायनसमध्ये कॅन्सर आहे, क्वचित कुणाला होणारा आणि भलताच घाईचा. डॉक्टर म्हणाले, सीटी स्कॅनमध्ये हाड खाल्लेलं दिसतंय, पण गाठ डोळ्यात, मेंदूत कुठवर शिरलीय हे एमआरआयशिवाय कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय उपचार ठरवता येणार नाहीत.

घरी येऊन मी देवाला चांगलंच झापलं. म्हटलं, तुला गळ्यात बांधून जन्म काढला आणि तू माझ्याच डोळ्याआड हे वाढू दिलंस? आम्ही लिंगायत. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग लहानपणापासून गळ्यात. सासरे सांगायचे, लिंग अंगावेगळं झालं की माणूस मेल्यात जमा.

एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं लोहचुंबकच. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, गळ्यातलं सगळं काढा." मंगळसूत्र काढलं, डबी नाही काढली. डबी ठेवून नुसतं लिंग मुठीत नेते म्हटलं, तर तो म्हणाला, "आत कशाचं बनलंय मला माहीत न्हाई, नेता येणार न्हाई. त्या कपाटात ठेवा." कपाटात लोकांचे पट्टे आणि पाकिटं! त्यात माझा देव? मी उठले आणि सरळ घरी आले. यजमान हात जोडत होते, त्यांचंही ऐकलं नाही. पुन्हा जाईपर्यंत डोळा आणखी पुढं आला.

दुसऱ्या वेळी गेले तीही भांडायच्याच तयारीनं. यजमानांनी लिंग धरायला हात पुढं केला, पण तो असा थरथरत होता की त्यांनीच मागं घेतला. "माझ्या हातून पडलं तर गं?" म्हणाले आणि रडायला लागले. तेवढ्यात बाकावरची एक बाई उठली. पाथरीकडची होती, नवऱ्याच्या मणक्याचा फोटो काढायला आलेली.

"इकडं द्या, मी धरते. आमी जय भीमवाले, ताई. देवबिव मानत न्हाई. पण तुमचा खाली ठेवणार न्हाई, बघा."

ज्या हातानं कधी पूजा केली नाही, त्या हातात माझं लिंग? आमच्या घरात हे कुणाला खपलं नसतं. पण तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. माझा हात आपोआप गळ्याशी गेला. कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. लिंग तिच्या तळव्यावर ठेवलं आणि मी तिलाच दटावलं, "बेंबीच्या वर धरायचं. लिंग त्याखाली जाऊ देत नाहीत."

"धरते. तुमी जावा आता, उगं येळ घालवू नका."

आत डोकं साच्यात अडकवलं. गिरणीत खडा गेल्यासारखी मशीनची खडखड सुरू झाली. गळा मोकळा. आता मरणार, असं वाटलं. मेले नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला देवाशी भांडावंसं वाटलं नाही. हलायचं नव्हतं म्हणून डोळ्यांतलं पाणी पुसताही आलं नाही.

बाहेर आले तर ती तशीच उभी. तळवा छातीशी, वर पदराचा आडोसा. बसा म्हटलं तर बसली नाही, यजमान सांगत होते. "घ्या बाई तुमचा देव, हाताला पार मुंग्या आल्या," म्हणाली. मी पाया पडायला वाकले तर रागावली. तेवढ्यात तिच्या नवऱ्याला आत बोलावलं. नाव विचारायचं राहून गेलं.

गाठ डोळ्यात शिरली होती, मेंदूच्या अलीकडे थांबली होती. आधी किमो झाली, मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. ऑपरेशनच्या दिवशी लिंग मीच काढून यजमानांच्या हातात दिलं. "थरथरू द्या," म्हटलं, "पडलं तर उचला."

उजवा डोळा गेला. जाऊबाई म्हणाल्या, "परक्याच्या हातात देव दिलास, म्हणून गेला." मी सुनावलं, "डोळा गाठीनं नेला. त्या बाईनं हात पुढं केला नसता, तर तुम्ही माझ्या तेराव्याला जेवला असता. पुन्हा असं बोलायचं असेल तर दळण दुसरीकडं न्या."

अजून तपासण्या चालू आहेत. पुढचं त्याच्याकडं. पण त्या बाईची मी जन्माची ऋणी आहे. तिच्या हातावर तो किती निवांत बसून होता! आणि मी वेडी, इतकी वर्षं मला वाटायचं, त्याला मी सांभाळते.