अळणी

"मॅडम, तुम्ही फक्त सही करून द्या. एकदा तिथं ठेवलं की परत घरी नाही आणायचं," प्रभाकर म्हणाला. त्याला वडिलांना मनोरुग्णालयात टाकायचं होतं. वडील, नामदेवराव, शेजारीच बाकावर बसलेले.

सत्तरच्या दशकातला मे महिना. सक्करदऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात सकाळपासून लू, म्हणजे उन्हाची झळ, लागलेल्यांची रांग. मी इतकी थकले होते, की सही करून मोकळं व्हावं असं मनात येऊन गेलं.

नामदेवरावांचा जन्म इतवारीच्या बाजारात भांडी विकण्यात गेलेला. आता मलाच गिऱ्हाईक समजून म्हणाले, "भाव कमी नाही होणार, बाई."

"हे कधीपासून?"

"रामनवमीपर्यंत चांगले होते. आता रातभर बडबड करून राहिले. म्हातारचळ, दुसरं काय?"

म्हातारपणी बुद्धी जाते ती हळूहळू, वर्षं लागतात. अशी एकाएकी गेली, की शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं. मी त्यांच्या बायकोला, गंगाबाईंना विचारलं, "काकू, औषध काय चालू आहे?"

"बीपीची गोळी देल्ली एका डॉक्टरनं. लघवी लई होते तिच्यानं. अन् मीठ कमी करा म्हणे."

"मग किती कमी केलं?"

"कमी काहून? बंदच केलं. यांच्यासाठी म्या पण अळणीचं व्रत धरलं. घरात मिठाची बरणीच नाही ठेवली." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

गोळी लघवीवाटे मीठ काढत होती, ऊन घामावाटे. ताटातून काहीच येत नव्हतं. रक्तातलं मीठ, आम्ही त्याला सोडियम म्हणतो, फार उतरलं की माणूस बरळतो. तपासणीत तेच निघालं. त्यांना भरती केलं, गोळी थांबवली, सलाईन बेतानं दिलं.

"मीठ देऊन मारता काय यांले?" गंगाबाई रडायला लागल्या.

"काकू, वरणात मीठ घालून तुम्हीच भरवा. आणि तुमचं व्रतही आजच सोडा."

आठवड्याभरात नामदेवराव ताळ्यावर आले. पुढं दाखवायला आले तेव्हा प्रभाकर अगदी खुशीत होता. त्यांनी त्याला पान आणायला पिटाळलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तवाबी मले सगळं ऐकू येत होतं. पोट्टा म्हणे, परत घरी नाही आणायचं. हे विसराची गोळी आहे काय?"

"नाही, काका."

प्रभाकर पान घेऊन आला, तसे ते उठून त्याच्याच हाताला धरून घरी गेले. मला फार वाईट वाटलं. माणूस भ्रमात असला तरी त्याच्यापुढं जपून बोला, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले. लोक मान हलवतात आणि तिथंच, त्याच्यासमोर, पुन्हा सुरू होतात.